मॅचच्या तिकिटांचा काळाबाजार थांबवा, नाहीतर गाठ आमच्याशी आहे

राज्य सरकार, क्रिकेट संघटना, तिकीट विकणाऱ्या कंपन्या आणि गावोगावचे दलाल, सगळ्यांनीच कान देऊन ऐकावे. इगतपुरी-घोटीच्या क्रिकेटप्रेमींची सहनशक्ती संपली आहे. हा विनंतीअर्ज नाही, इशारा आहे.

आमच्याकडून वानखेडेवर मॅच पाहायला जायचे तर दोन दिवसांचा खाडा होतो. साडेसातला सुरू झालेली मॅच संपेपर्यंत मध्यरात्र जवळ येते. लोकल कसाऱ्यापर्यंतच, घाट चढायला लांब पल्ल्याची गाडीच लागते. म्हणून पोरे सीएसएमटीच्या फलाटावर रात्र काढतात. एवढे सोसायची तयारी असलेल्या माणसाला तिकीट मात्र मिळत नाही. विक्री सुरू होते, मोबाइलवर रांगेतला नंबर दिसतो आणि तो लागण्याआधीच सगळे संपलेले असते. थोड्याच वेळात व्हॉट्सअॅपवर निरोप फिरतो, ‘दोन आहेत, हवी तर लगेच सांगा.’ भाव तिप्पट-चौपट. ही तिकिटे दलालाच्या हाती पडतात कशी, याचे उत्तर आम्हाला हवे आहे.

दुखणे जुने आहे. २ एप्रिल २०११ च्या विश्वचषक अंतिम सामन्याला सुमारे ३३ हजार आसनांच्या वानखेडेवर सामान्य प्रेक्षकांसाठी जेमतेम ४ हजार तिकिटे काढली होती. बाकीची क्लब, आयसीसी आणि इतरांच्या कोट्यात गेली. नोव्हेंबर २०२३ मध्ये भारत-न्यूझीलंड उपांत्य सामन्याच्या वेळी काळाबाजार करणाऱ्यांना मुंबई पोलिसांना अटक करावी लागली. त्यात २२ सप्टेंबर २०२५ पासून आयपीएलच्या तिकिटावरचा जीएसटी २८ वरून ४० टक्क्यांवर गेला. मूळ हजाराचे तिकीट आता १,४०० रुपयांना पडते, आणि दलालाची मलई त्यावर वेगळी.

इगतपुरी रेल्वेचे गाव आहे. तिकिटांची दलाली करणाऱ्याचे काय होते, हे इथे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. रेल्वे कायदा, १९८९ च्या कलम १४३ खाली तीन वर्षांपर्यंत कैद किंवा दहा हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. ऑनलाइन काढलेली ई-तिकिटेही याच कलमात येतात, असे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये स्पष्ट केले. त्याच महिन्यात मुंबई उच्च न्यायालयापुढे मॅच आणि कार्यक्रमांच्या तिकिटांच्या काळाबाजाराची जनहित याचिका आली. कायदा करणे हे विधिमंडळाचे काम आहे, असे सांगून न्यायालयाने ती फेटाळली. म्हणजे जबाबदारी कोणाची, हे ठरलेले आहे. आमदारांनी आता न्यायालयाकडे बोट दाखवू नये.

आमच्या मागण्या तीन आहेत.

१. प्रत्येक मॅचच्या विक्रीआधी सामान्य प्रेक्षकांसाठी किती तिकिटे आहेत आणि कोणाच्या कोट्यात किती, हे जाहीर करा. बंदोबस्ताला सरकारी पोलीस लागतात, २०२३ मध्ये बंदोबस्ताच्या शुल्कातही सरकारने सवलत दिली. तेव्हा हिशेब मागण्याचा हक्क जनतेला आहे.

२. तिकिटावर नाव छापा आणि प्रवेशद्वारावर ओळखपत्र तपासा. ज्याला जाता येत नाही, त्याचे तिकीट कंपनीनेच परत घेऊन छापील किमतीत पुढच्या माणसाला द्यावे.

३. कलम १४३ सारखा कडक कायदा राज्यात करा. दलालाबरोबर त्याला तिकिटे पुरवणाऱ्यालाही आरोपी करा.

मुदत येत्या अधिवेशनाच्या शेवटच्या दिवसापर्यंत. तोवर विधेयक मांडले गेले नाही, तर लोकप्रतिनिधींच्या कार्यालयापुढे शांततेत पण बेमुदत ठिय्या देऊ. आयपीएलच्या एकाही तिकिटाला आमचा रुपया मिळणार नाही. क्रिकेट पाहायचेच असेल, तर नाशिकच्या गोल्फ क्लब मैदानावर रणजीची मॅच पाहू. आणि गावातल्या दलालांनो, तुमचे निरोप आणि पैसे घेतल्याचे पुरावे आम्ही जपून ठेवत आहोत. ते थेट पोलीस ठाण्यात जातील. मग ओळखपाळख सांगत येऊ नका.

शेवटचा शब्द आपल्याच माणसांना. चढ्या भावाने तिकीट घेणारा प्रत्येक जण हा धंदा पोसतो. तेच तिकीट चार जणांना विकलेले निघाले, तर दारातून परत फिरावे लागते आणि पैसेही बुडतात. मॅच घरी टीव्हीवर पाहा, पण दलालाला एक पैसाही देऊ नका.