पन्नास हजारांचा सिनेमा आणि त्याची मालकी

‘सुपरबॉईज ऑफ मालेगाव’ फेब्रुवारी २०२५मध्ये थिएटरात आला आणि दोनेक महिन्यांत प्राइम व्हिडिओवरही दिसू लागला. तेव्हापासून आमच्या हिंगोली जिल्ह्यातल्या पोरांचा मला एकच प्रश्न असतो : “भाई, मालेगाववाले करू शकतात, तर आपण का नाही?” प्रश्न रास्त आहे. पण विचारणाऱ्याला बहुतेक वेळा एवढंच हवं असतं की कॅमेरा कोणता घेऊ आणि एडिटिंगसाठी लॅपटॉप कोणता. मी सॉफ्टवेअर इंजिनिअर असल्यामुळे मला यंत्रातलं कळतं, असा सगळ्यांचा समज. पण कॅमेरा तर तुमच्या खिशातच आहे. अवघड आहे ते पुढचं. पैसा कुणाकडून घ्यायचा, सिनेमा कुणाला विकायचा आणि विकल्यावर तो कुणाचा राहतो?

मालेगावची गोष्ट नीट पाहिली तर ती जुगाडाची कमी आणि बाजारपेठेची जास्त आहे. शेख नासिर व्हिडिओ पार्लर चालवायचे, लग्नांचं शूटिंग करायचे. २००० साली त्यांनी पन्नास हजारांच्या आसपास खर्चात ‘मालेगाव के शोले’ काढला. कलाकार गावातलेच, यंत्रमागावर राबणारे. शुक्रवारी यंत्रमाग बंद, त्यामुळे व्हिडिओ हॉलमध्ये गर्दी ठरलेली. म्हणजे सिनेमा तयार होण्याआधीच त्याचा प्रेक्षक ठाऊक होता. तो चालत येणार होता, खिशातून रोख पैसे काढणार होता आणि पडद्यावर आपल्याच गल्लीतला माणूस पाहून शिट्ट्या मारणार होता. पन्नास हजार वसूल होणार की नाही, हे नासिरभाईंना दारात उभं राहून मोजता येत होतं.

पुढे चोरीच्या सीडी आल्या, मग मोबाइल आला आणि ही बाजारपेठ विरत गेली. त्याच काळात ‘मालेगाव का सुपरमॅन’ बनत असताना फैजा अहमद खान यांनी त्यावर माहितीपट केला. त्याला आशियातल्या परदेशी प्रसारण संस्थांचा पैसा मिळाला, तो महोत्सवांत फिरला आणि २०१२मध्ये आपल्याकडच्या मल्टिप्लेक्समध्येही लागला. सुपरमॅन झालेला यंत्रमाग कामगार शफीक शेख तोवर तोंडाच्या कॅन्सरने गेला होता. त्यानंतर मोठ्या स्टुडिओचा चित्रपट आला. मालेगावची कहाणी जगभर पोचली याचा मला आनंदच आहे. पण ‘शोले’ काय आणि ‘सुपरमॅन’ काय, ही नावं मुळात दुसऱ्याच्या मालकीची. उसन्या नावाचा सिनेमा गावात धूम चालतो. बाहेर विकायला निघालात की नावाचा मालक उभा राहतो. नासिरभाईंना ते विकायचेच नव्हते, म्हणून त्यांचं बिघडलं नाही. आज आपला प्रेक्षक इंटरनेटवर आहे, तेव्हा आपलं बिघडेल.

आधी पैशाचं बोलू. या बाबतीत दादासाहेब फाळके मला आमच्या धंद्यातले वाटतात. त्यांनी विम्याच्या पॉलिसीवर कर्ज काढलं, सरस्वतीबाईंचे दागिने गहाण पडले, हे आपण शाळेत वाचतो. त्याआधीची एक गोष्ट जास्त कामाची आहे. सिनेमा म्हणजे काय हेच सावकाराला माहीत नव्हतं. फाळक्यांनी कुंडीत वाटाणा लावला, त्याची रोज थोडी थोडी चित्रं घेतली आणि अंकुराचा वेल कसा होतो ते मिनिटभरात पडद्यावर दाखवलं. याला आम्ही डेमो म्हणतो. तो पाहून पैसा सुटला आणि ३ मे १९१३ला ‘राजा हरिश्चंद्र’ लागला. आमच्याकडची मंडळी दोन तासांची कथा तोंडी सांगून मामूकडे लाखभर रुपये मागतात. पाच मिनिटांचा एक प्रसंग शूट करून दाखवा, मग मागा.

दुसरा मार्ग पुष्कळांकडून थोडं थोडं घेण्याचा. श्याम बेनेगल यांच्या ‘मंथन’साठी १९७६मध्ये गुजरातच्या पाच लाख दूध उत्पादकांनी प्रत्येकी दोन रुपये दिले. दहा लाख जमले. आणि हेच शेतकरी पुढे गाड्या भरभरून सिनेमा पाहायलाही आले. इंटरनेट आल्यावर ओनीर यांनी ‘आय अ‍ॅम’साठी फेसबुकवरून चारेकशे माणसं जोडली, त्या सिनेमाला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. कन्नडमध्ये पवन कुमार यांना निर्माता मिळेना, तेव्हा त्यांनी इंटरनेटवर थेट लोकांनाच विचारलं. सुमारे ११० जणांनी महिनाभरात पन्नास लाखांच्या आसपास रक्कम दिली आणि २०१३मध्ये ‘लुसिया’ आला. या तिन्ही ठिकाणी पैसा देणारा आणि पाहणारा माणूस बऱ्याच अंशी एकच आहे. आमच्या वसमतच्या हळद बाजारात दोन रुपयांना आज कुणी हात लावणार नाही, पण शंभर रुपये देणारी हजार माणसं या जिल्ह्यात नाहीत असं मला कुणी सांगू नये.

इथे एक धोक्याची जागा आहे आणि उत्साहात ती दिसत नाही. “पैसे लावा, नफ्यात वाटा देतो” असं व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर जाहीरपणे टाकलंत तर ते क्राउडफंडिंग राहत नाही, ती गुंतवणूक गोळा करणं झालं. सेबीने २०१४मध्ये यावर चर्चापत्र काढलं होतं, पण सामान्य लोकांकडून असा हिस्सा विकायची मोकळीक आपल्याकडे मिळालेली नाही. खासगी कंपनीलासुद्धा वर्षाला दोनशेच माणसांना, तेही जाहिरात न करता, शेअर देता येतात. शिवाय २०१९पासून बेकायदा ठेवींविरुद्धचा कायदा आहे. चिटफंडात हात पोळलेल्या आमच्या भागात एका तक्रारीवर पोलीस दारात येतील. म्हणून लोकांकडून घ्यायचं ते आगाऊ तिकीट म्हणून घ्या, श्रेयनामावलीत नाव टाकण्यासाठी घ्या किंवा सरळ देणगी म्हणून घ्या. नफ्याचा वाटा फक्त ओळखीच्या पाचदहा माणसांना, आणि तो नोंदणी केलेल्या भागीदारी करारात लिहून.

व्याजाचा पैसा नको म्हणून कर्ज टाळणारे आपल्यात अनेक आहेत. त्यांच्या घरातल्या जुन्या माणसांना मुदारबा हा शब्द माहीत असतो. भांडवल एकाचं, मेहनत दुसऱ्याची, नफ्याचं प्रमाण आधी ठरलेलं. बुडालं तर पैसा भांडवलवाल्याचा गेला आणि मेहनत मेहनतवाल्याची. सिनेमाच्या धंद्याला याहून जवळचा करार मला तरी दिसत नाही. महिन्याचा हप्ता भरून सिनेमा काढणाऱ्याचं लक्ष हप्त्याच्या तारखेवर असतं, सिनेमावर नसतं.

आता विकण्याचं. कळमनुरी तालुक्यातल्या पाच मुलांनी गेल्या वर्षी चाळीस मिनिटांचा सिनेमा केला. ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबातल्या मुलीची शाळा सुटते, एवढीच गोष्ट. सिनेमा खरंच चांगला होता. एका यूट्यूब चॅनलवाल्याने पंचवीस हजार देऊन स्टॅम्प पेपरवर ‘सर्व हक्क कायमस्वरूपी’ लिहून घेतले. पोरं खूश, कारण खर्च अठरा हजार. मग एका महोत्सवाला सिनेमा पाठवायची वेळ आली, तेव्हा कळलं की तो पाठवायचा अधिकारच त्यांच्याकडे उरला नाही. मुलांनी मला कागद दाखवला तेव्हा सही होऊन चार महिने झाले होते.

कॉपीराइट कायदा १९५७चा आहे आणि त्यातलं कलम १९ प्रत्येकाने एकदा वाचावं. हक्क द्यायचे तर ते लेखीच द्यावे लागतात. करारात मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षं धरली जाते, प्रदेश लिहिला नसेल तर भारतापुरतं धरलं जातं. म्हणजे काहीच न लिहिणं हे ‘कायमस्वरूपी’ लिहिण्यापेक्षा तुमच्या फायद्याचं आहे! सिनेमावरचा हक्क साठ वर्षं टिकतो. यूट्यूब वेगळं, टीव्ही वेगळा, ओटीटी वेगळं, परदेश वेगळा, दुसऱ्या भाषेतला रिमेक वेगळा. एकाच जमिनीत हळद आणि आंतरपीक घेणाऱ्यांना हे समजावून सांगायची गरज नसावी. आणि लग्नाच्या व्हिडिओला लावतो तसं एखादं गाजलेलं गाणं मागे टाकू नका. यूट्यूबची यंत्रणा ते ओळखते आणि कमाई गाण्याच्या मालकाकडे वळवू शकते.

यूट्यूबचा हिशेबही करून पाहा. हजार सबस्क्रायबर आणि वर्षभरात चार हजार तास पाहणं झाल्याशिवाय जाहिरातीचा पैसा सुरू होत नाही. त्यानंतर मोठ्या व्हिडिओवरच्या जाहिरात उत्पन्नाचे ५५ टक्के तुम्हाला. समजा हजार व्ह्यूजमागे वीस रुपये हातात आले, तर लाख रुपयांना पन्नास लाख व्ह्यूज लागतात. मालेगावच्याच छोटू दादाचे विनोदी व्हिडिओ कोट्यवधी वेळा पाहिले गेले, म्हणजे हे अशक्य नाही. पण तो दर आठवड्याला माल देण्याचा धंदा आहे. वर्षातून एक सिनेमा करणाऱ्याला त्या गिरणीत पीठ मिळत नाही.

मोठ्या ओटीटीचं दार बाहेरून वाजवून उघडत नाही. अनोळखी माणसाने थेट पाठवलेला सिनेमा नेटफ्लिक्स घेत नाही. मध्ये वितरक किंवा एजंट लागतो. मध्यस्थांची तऱ्हा अमेरिकेतही वेगळी नाही. डिस्ट्रिबर नावाची कंपनी ठरावीक फी घेऊन छोटे सिनेमे प्लॅटफॉर्मवर चढवायची. २०१९मध्ये ती कोसळली आणि निर्मात्यांची कमाई तिच्या खात्यात अडकून पडली. आपल्याकडे शासनाचं अनुदान आहे, दर्जा ‘अ’ ठरला तर मराठी चित्रपटाला ४० लाख आणि ‘ब’ ठरला तर ३० लाख. मात्र ते सिनेमा पूर्ण करून, प्रमाणपत्र घेऊन, परीक्षण झाल्यावर मिळतं. त्या भरवशावर आज उधारी करू नये. गोव्यात दर नोव्हेंबरला एनएफडीसीचा फिल्म बाजार भरतो. तिथे अर्धवट सिनेमालाही कधी कधी हात मिळतो. एकदा तरी जाऊन उभं राहावं.

मला जास्त आशा वाटते ती भाषेची. आपण घरात दखनी बोलतो आणि बाजारात मराठी, आणि दोन्ही ठिकाणी थोडं चुकल्यासारखं वागतो. १९४८पर्यंत हिंगोली हैदराबाद संस्थानात होती. नांदेड, बीदर, गुलबर्गा, हैदराबाद या सगळ्या पट्ट्यात आपली बोली आजही समजते. २००५मध्ये ‘द अंग्रेज’ हा हैदराबादी दखनीतला सिनेमा एकही मोठा तारा नसताना चालला, तो त्या बोलीच्याच जोरावर. सेनगावच्या पोराने शुद्ध पुणेरीत संवाद लिहिले तर पुण्यातले दहा सिनेमे त्याच्यापुढे आहेत. दखनी-मराठीच्या मिसळीत लिहिले तर पुढे फार कुणी नाही.

तेव्हा सुरुवात साधी असू द्या. पाच मिनिटांचा नमुना, मग आगाऊ शंभर रुपयांची पावती, प्रत्येक पावतीमागे फोन नंबर. तीन लाखांत दीड तासाचा सिनेमा होतो, हे मी दोन ठिकाणचे खर्चाचे कागद पाहून म्हणतोय. जाहीर खेळ लावायचा तर सेन्सॉरचं प्रमाणपत्र लागतं, त्याचे पैसे आणि दोन-तीन महिने आधीच बाजूला ठेवा. हिंगोली, वसमत, कळमनुरी, औंढा, सेनगाव अशा पाच गावांत भाड्याचा हॉल आणि प्रोजेक्टर, गावाला दोन खेळ, खेळाला दीडशे माणसं धरली तर दीड हजार तिकिटं होतात. शंभर रुपयांनी दीड लाख, त्यातून हॉलभाडं जाईल. तो जमाखर्च आणि फोन नंबरांची वही घेऊन मग नांदेडच्या, हैदराबादच्या वितरकाकडे जा. आणि भाव ठरवताना त्याला सगळ्यात आधी विचारा : कोणते हक्क, किती वर्षांसाठी?