कुंपणाआडचे झुडूप

मॉरिशस म्हटले की मराठी वाचकाला तेथे पिढ्यान्‌पिढ्या नांदणाऱ्या मराठी भाषकांचे स्मरण होते. त्याच राष्ट्राचा भाग असलेल्या रॉड्रिग्ज बेटाचे नाव मात्र क्वचितच कानी येते. ‘काफे मारों’ हे कॉफीच्या कुळातील, ताऱ्यासारख्या पांढऱ्या फुलांचे झुडूप केवळ या चिमुकल्या बेटाचे. जंगलतोड, माणसाने आणलेल्या शेळ्या आणि परकी झाडे यांच्यापुढे ते कधीच नामशेष झाले, असा तज्ज्ञांचा समज होता.

तो समज खोटा ठरविला एका शाळेने. १९८० च्या सुमारास एका शिक्षकाने बेटावरील दुर्मिळ वनस्पतीचे जुने चित्र वर्गात दाखविले आणि एका विद्यार्थ्याने त्या झाडाची डहाळीच आणून दिली. इंग्लंडमधील क्यू उद्यानाच्या तज्ज्ञांनी ओळख पटविली. झाड उरले होते अवघे एक.

शोध लागला आणि संकट वाढले. मद्याच्या ग्लानीवर व गुप्तरोगांवर औषध म्हणून लोक त्याच्या फांद्या तोडू लागले. कुंपण घातले, मग आणखी कुंपणे घातली. तरी हात आत पोहोचतच राहिले. या लोकांना अडाणी ठरविणे सोपे आहे. परंतु ज्याला औषध हवे आहे, त्याला तारेचे कुंपण दाखविणे हे उत्तर नव्हे. त्याच्या अंगणात रोप देणे हेच उत्तर; आणि तेव्हा देण्याजोगे रोपच नव्हते!

१९८६ मध्ये काही छाटे विमानाने क्यूला गेले व त्यांतील एक जगला. त्यास फुले आली, पण बी धरेना. २००३ मध्ये कार्लोस मॅग्दालेना या उद्यानज्ञाने अनेक प्रयोगांअंती, फुलाची कुक्षी छाटून तेथे परागकण ठेवून, बी मिळविले. पुढे बेटावर रोपेही परतली. अर्थात सर्वांचे मूळ एकाच झाडात असल्याने एखाद्या रोगापुढे सारी एकसारखीच दुबळी ठरण्याचा धोका आहे.

शिवाय या झाडाची एक गंमत आहे. बालपणी पाने लांबट, अरुंद व तपकिरी. मोठेपणी रुंद आणि हिरवी. म्हणजे थोराचे चित्र पाहिलेला माणूसही त्याचे पोर तण समजून उपटून टाकील. रॉड्रिग्जच्या प्रत्येक शाळेच्या आवारात म्हणूनच दोन रोपे हवीत, एक लहान व एक मोठे. आणि त्यांना कुंपण नको.