नियम सारखा, शिक्षा वेगळी

कॉलेजच्या सूचनाफलकावर सहामाही संपत आली की एक कागद लागतो. ज्यांची हजेरी ७५ टक्क्यांहून कमी, त्यांना परीक्षेला बसता येणार नाही. खाली नावांची यादी, सही, शिक्का. अशा यादीत तास बुडवून टपरीवर बसणारे असतात, तशी कॉलेजच्या संघातून कबड्डी खेळायला गेलेली एखादी मुलगीही असू शकते. विचारायला गेलं तर उत्तर तयार असतं : नियम सगळ्यांना सारखा.

मैत्रिणींनो, या सारखेपणाबद्दलच बोलायचं आहे. नियम सारखा असेलही, पण शिक्षा सारखी नाही. मुलाचं वर्ष गेलं की त्याचं वर्ष जातं. मुलीचं वर्ष गेलं की तिचं कॉलेज जातं.

हे परभणी जिल्ह्यात राहणाऱ्यांना समजावून सांगायला नको. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत विशीतल्या, म्हणजे २० ते २४ वयाच्या बायकांना विचारलं की तुमचं लग्न कितव्या वर्षी झालं. महाराष्ट्रात दर १०० पैकी सुमारे २२ जणींचं अठराच्या आत झालं होतं. परभणी जिल्ह्यात ४८ जणींचं. जवळजवळ निम्म्या. म्हणजे गंगाखेड, जिंतूर, पाथरी, पालम, सोनपेठच्या कॉलेजात बी. ए.च्या पहिल्या वर्षाला बसलेली प्रत्येक मुलगी एक लढाई जिंकून आलेली असते. ही लढाई ती कशाच्या जोरावर पुढे चालू ठेवते? हजेरीपटावरच्या नावाच्या जोरावर. पाहुणे आले की आई सांगू शकते, "पोरगी शिकतीया, पदवी होऊ द्या." ते नाव म्हणजे तिची ढाल आहे. परीक्षेला बसू दिलं नाही, वर्ष मागे पडलं, की घरात दुसऱ्याच दिवशी वाक्य बदलतं, "शिकून काय दिवे लावले? बघा आता एखादं स्थळ." तिथून पुढचं सांगायला नको. ७५ टक्क्यांचा कागद लावणाऱ्यांनी हे मनात आणलेलं नसतं. पण मनात आणलं नाही म्हणून परिणाम चुकत नाही.

आता खेळाचं पाहू. खेळणारी मुलगी तास बुडवते कधी आणि का? तिचं वेळापत्रक तिनं आखलेलं नाही. जुलै-ऑगस्टपासून आंतरमहाविद्यालयीन सामने सुरू होतात. निवड झाली तर विद्यापीठाच्या संघाचं शिबिर. मग राज्यातल्या विद्यापीठांचा 'अश्वमेध' क्रीडा महोत्सव, मग पश्चिम विभागाच्या आंतरविद्यापीठ स्पर्धा. त्यासाठी गुजरात, राजस्थान, मध्य प्रदेश, कुठंही जावं लागतं. जाण्यायेण्याचा रेल्वेचा प्रवास वेगळा. हे सगळं बहुतेक दिवाळीच्या पुढेमागे येतं, आणि सत्रपद्धत आल्यापासून हिवाळी परीक्षाही त्याच सुमाराला येते. नांदेडचं स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ १९९४ मध्ये झालं. परभणीची कॉलेजं त्याला जोडली गेली, विद्यापीठ जवळ आलं. पण खेळाचं वेळापत्रक आणि परीक्षेचं वेळापत्रक एका टेबलावर ठेवून पाहायला कितीसं अंतर लागतं?

आणि याच दिवसांत शेतात कापूस फुटलेला असतो. वेचणीला बाई लागते, नाहीतर मुलगी. गंगाखेड-सोनपेठकडच्या कितीतरी घरांतली मोठी माणसं ऊसतोडीला गेलेली असतात. मागं राहते म्हातारी, धाकटी भावंडं, एखादी शेळी, आणि कॉलेजात जाणारी मुलगी. स्पर्धा, परीक्षा आणि वेचणी, तिन्ही एकदम. भाऊ कबड्डी खेळून आला की त्याला ताट वाढलेलं मिळतं. बहीण खेळून आली की चूल पेटवते. त्याच्या दमण्याला घरात मान असतो. तिच्या दमण्याला नाव असतं : नसते उद्योग. संध्याकाळचा सराव म्हणजे गावाकडची शेवटची एसटी चुकणं. मार्च २०२३ पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट झालं, चांगलं झालं. पण सात वाजता गाडीच नसेल तर अर्ध्या तिकिटाचं करायचं काय? मग ती सराव सोडते, किंवा सकाळचे तास सोडते. सराव सोडला तर संघातून नाव जातं, तास सोडले तर परीक्षेतून. वसतिगृहात राहणारा मुलगा हेच दोन्ही आरामात सांभाळतो आणि वर नियम सगळ्यांना सारखा!

कुणी म्हणेल, खेळाडूंना सवलती आहेत की. आहेत. दहावी-बारावीला खेळाचे वाढीव गुण मिळतात. काही विद्यापीठांत पदवीलाही थोडे गुण मिळतात. नव्या शैक्षणिक धोरणानंतर पदवीच्या अभ्यासक्रमात क्रीडेला श्रेयांकही आले. संघाबरोबर गेलेले दिवस हजर धरावेत असंही कितीतरी ठिकाणी मानलं जातं. पण मानणं आणि मांडणं यांत फरक असतो. क्रीडा संचालकांनी पत्र द्यायचं, विभागप्रमुखांनी ते पाहायचं, कारकुनानं हजेरीत चढवायचं. या तीन टेबलांमध्ये पत्र कुठं हरवलं तर भटकायचं कुणी? मुलीनं. आणि 'सर, माझी सही राहिली' असं म्हणत ऑफिसच्या दारात चार वेळा उभं राहणाऱ्या मुलीकडे कोण कसं बघतं, तेही आपल्याला ठाऊक आहे. हक्क म्हणून मिळायचं ते मेहरबानी म्हणून मागावं लागतं.

मेहरबानीच्या मोठ्या गोष्टी आपण कौतुकानं सांगतो. खाशाबा जाधवांना १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकला जायला पैसे नव्हते, तेव्हा कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य बॅरिस्टर खर्डेकर यांनी स्वतःचं घर गहाण ठेवून ७००० रुपये उभे केले. खाशाबांनी कांस्यपदक आणलं. त्या प्राचार्यांना नमस्कारच. पण एका पोराला पाठवायला एका माणसाला घर गहाण टाकावं लागलं, ही त्या माणसाची थोरवी आणि व्यवस्थेची लाज आहे. सत्तर वर्षांनंतरही खेळणाऱ्या मुलीचं शिक्षण कुणा भल्या सरांच्या भलेपणावर टांगलेलं असेल, तर आपण पुढं गेलो कुठं? आणि भलेपणा मुलाच्या वाट्याला जितका येतो तितका मुलीच्या येतो का, हेही विचारायला हवं.

सवलत म्हटली की काही प्राध्यापकांच्या कपाळाला आठ्या पडतात. म्हणतात, उद्या न शिकताच पदव्या मागाल. ही भीती खोटी नाही. अमेरिकेत कॉलेजचा खेळ म्हणजे पैशांचा डोंगर. तिथल्या नॉर्थ कॅरोलिना विद्यापीठात १९९३ ते २०११ अशी अठरा वर्षं, जे वर्ग कधी भरलेच नाहीत त्यांचे गुण वाटले गेले. २०१४ च्या चौकशी अहवालाप्रमाणे ३१०० हून अधिक विद्यार्थ्यांना असे गुण मिळाले आणि त्यांतले जवळजवळ निम्मे खेळाडू होते. संघ जिंकले, पोरांच्या हाती कोरे कागद राहिले. हीसुद्धा फसवणूकच. पण त्याच देशात कॉलेज क्रीडेच्या वरच्या श्रेणीत दुसराही नियम आहे. खेळाडूनं दुसरं वर्ष संपेपर्यंत पदवीचा ४० टक्के अभ्यास पुरा केला पाहिजे, तिसऱ्याअखेर ६०, चौथ्याअखेर ८०. आणि ही अट घालताना कॉलेजवरही अट आहे, की खेळाडूला अभ्यासात मार्गदर्शन आणि शिकवणी द्यायची. म्हणजे कर्तव्य दोन्ही बाजूंना. आपल्याकडे कर्तव्य फक्त मुलीच्या बाजूला.

आम्हाला फुकटचे गुण नकोत. पाच-दहा गुण हातावर ठेवून वर्षभराचे बुडालेले तास विसरायला लावणं ही स्वस्तातली सुटका आहे. आम्हाला हवी ती शिकण्याची सोय आणि परीक्षेला बसण्याची संधी. ते अशक्य आहे असं सांगू नका. केंद्रीय माध्यमिक मंडळानं २०१८ पासून राष्ट्रीय-आंतरराष्ट्रीय स्पर्धेमुळे पेपर चुकणाऱ्या दहावी-बारावीच्या खेळाडूंसाठी वेगळी परीक्षा घ्यायचं धोरण केलं. देशभरात लाखो मुलं बसवणाऱ्या मंडळाला जे जमतं, ते चार जिल्ह्यांच्या विद्यापीठाला का जमू नये?

हजेरीचा नियम दगडात कोरलेला आहे असंही नाही. डिसेंबर २०२१ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगानं विद्यापीठांना कळवलं, की पदवी आणि पदव्युत्तर वर्गांतल्या विद्यार्थिनींना मातृत्वाच्या कारणानं हजेरीत आणि परीक्षेचा अर्ज भरण्याच्या मुदतीत सूट देणारे नियम करा. हे योग्यच झालं, आणि त्याची अंमलबजावणी आपण मागितलीच पाहिजे. पण जरा थांबून पाहा. बाईच्या शरीराचं काही वेगळं असतं हे व्यवस्थेला कधी पटतं? ती आई होते तेव्हा. तेच शरीर धावतं, उडी मारतं, खो देतं, तेव्हा मात्र त्याची गैरहजेरी म्हणजे बेशिस्त. कूस दिसते, पाय दिसत नाहीत.

आणखी एक नियम. आंतरविद्यापीठ स्पर्धेत खेळायचं तर नियमित, पूर्णवेळ विद्यार्थी असावं लागतं आणि पंचविशीच्या आत असावं लागतं. बोगस खेळाडू घुसवण्याचे प्रकार थांबावेत म्हणून अशी अट लागते, मान्य. पण दुसऱ्या वर्षाला लग्न झालेली मुलगी पदवी कशी पुरी करते? बहुधा बाहेरून. सासरहून तालुक्याला रोज कोण पाठवणार? तिनं परीक्षेचा अर्ज बाहेरून भरला की तिच्यातली खेळाडू कागदावर संपली. मुलाचं लग्न झालं म्हणून कुणी त्याला बाहेरून परीक्षा द्यायला लावत नाही. तो वऱ्हाडातून थेट मैदानावर येतो. नियमात 'स्त्री' हा शब्द कुठं नाही, तरी बाहेर कोण पडतं? शब्द नसला म्हणजे भेद नसतो, असं समजण्याइतक्या आपण आता भोळ्या राहिलेल्या नाही.

हे सारं कशासाठी सांगायचं? पदकांसाठी? पदकंही आहेत. परभणीच्या ज्योती गवते २०१७ च्या मुंबई मॅरेथॉनमध्ये भारतीय महिलांत पहिल्या आल्या. जानेवारी २०२५ मध्ये खो-खोचा पहिला विश्वचषक भारतीय मुलींनी जिंकला, कर्णधार होत्या महाराष्ट्राच्या प्रियांका इंगळे. जिंकून आलेल्या मुलीला हार घालायला, मिरवायला सगळे धावतात. पण आपली काळजी जिंकलेल्या एकीपुरती नाही. जी विद्यापीठाच्या संघापर्यंतच पोचली आणि जिचा फोटो कुठं छापून आला नाही, तिची आहे. पहाटे डांबरी रस्त्याच्या कडेनं पोलीस भरतीसाठी पळणाऱ्या मुली तुम्ही पाहिल्या असतील. त्यांच्यासाठी खेळ ही हौस नाही, भाकरी आहे. सरकारी नोकरीत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे, बायकांना ३० टक्के. पण जिथं पदवी मागतात तिथं ही दारं पदवीशिवाय उघडत नाहीत. म्हणजे खेळानं दार दाखवायचं आणि हजेरीनं ते लावून घ्यायचं.

म्हणून आमच्या मागण्या साध्या आहेत. संघाबरोबर गेलेले दिवस, प्रवास आणि शिबिर धरून, आपोआप हजर धरले जावेत. पत्र फिरवायचं काम कॉलेजचं, मुलीचं नव्हे. स्पर्धेमुळे पेपर चुकला तर त्याच सत्रात, निकालाआधी, वेगळी परीक्षा व्हावी. बुडालेल्या तासांची शिकवणी कॉलेजनं द्यावी, आणि ती शेवटच्या एसटीच्या आत संपावी. हजेरी कमी पडतेय हे सत्र संपताना फलकावर न लावता दर महिन्याला मुलीला सांगावं. नाव कापण्याआधी तिचं म्हणणं ऐकून घ्यावं. मुलींच्या संघाबरोबर शिक्षिका असावी. अनुदान आयोगाच्या २०१५ च्या नियमांप्रमाणे लैंगिक छळाविरुद्धच्या तक्रार समितीचं काम क्रीडास्पर्धेच्या ठिकाणापर्यंत पोचतं, हे प्रत्येक खेळाडू मुलीला निघण्याआधी सांगावं. लग्नामुळे वा बाळंतपणामुळे खंड पडलेल्या मुलीला नियमित विद्यार्थिनी म्हणून परत येता यावं आणि खेळता यावं. आणि हे सगळं मराठीत लिहून, त्याच फलकावर, त्या ७५ टक्क्यांच्या कागदाशेजारी लावावं.

हे विद्यापीठात ठरतं, तिथल्या क्रीडा मंडळात, अधिसभेत ठरतं. तिथं जे निवडून गेले आहेत त्यांना पत्र लिहा. कॉलेजच्या विकास समितीत कोण आहे ते शोधा. गावातल्या बचत गटाच्या बैठकीत या विषयावर दहा मिनिटं बोला, कारण संघात निवड झालेली मुलगी कुणाच्या तरी घरातली आहे, आणि तिला वेचणीतून दहा दिवस सोडायचं का हे तिथल्या बायाच ठरवणार आहेत. आणि आपल्या तालुक्याच्या कॉलेजात जाऊन एवढाच एक प्रश्न विचारा : पहिल्या वर्षाला संघात किती मुली होत्या आणि त्यांतल्या किती जणी पदवी घेऊन बाहेर पडल्या? दोन आकडे. ते मिळेपर्यंत उठू नका.