कुलूप नवे, दार जुने

श्रीगोंदे तालुक्यातील काष्टीचा शनिवारचा जनावरांचा बाजार नामांकित आहे. तेथे विक्रीस येणाऱ्या गाईम्हशींच्या कानात आता बारा अंकी क्रमांकाचा बिल्ला असावा लागतो. 1 जून 2024 पासून असा बिल्ला नसलेल्या जनावराच्या खरेदीविक्रीस महाराष्ट्र शासनाने मनाई केली आहे. मात्र बिल्ल्यावर असतो तो केवळ क्रमांक. मालक कोण, लस केव्हा टोचली, ही माहिती ‘भारत पशुधन’ या नोंदप्रणालीत, म्हणजे दूर कोठेतरी असलेल्या सर्व्हरवरील डेटाबेसमध्ये असते. पूर्वी जनावर कोणाचे याचा निर्वाळा शेजारीपाजारी आणि बाजाराची पावती देत असत. आता तो एक नोंद देणार. तेव्हा त्या नोंदीपर्यंत जो पोहोचतो, तो खरोखरच तो आहे काय, याची खात्री सर्व्हर कशी करून घेतो, हा प्रश्न संगणकतज्ज्ञांपुरता राहिलेला नाही.

परवलीचा शब्द विचारला जातो, एवढ्याने पुष्कळांचे समाधान होते. ते होऊ नये. कुलूपच नसणारे निष्काळजी लोक जगात आहेतच; जानेवारी 2017 मध्ये पासवर्डाविना उघडे पडलेले हजारो ‘मोंगोडीबी’ डेटाबेस चोरांनी पुसून टाकले आणि त्या जागी खंडणीच्या चिठ्ठ्या ठेवल्या. परंतु अधिक शिकण्यासारखी गोष्ट आहे ती कुलूप बदलूनही दार उघडे ठेवणाऱ्यांची.

‘मायएसक्यूएल’ ही डेटाबेस प्रणाली जगभर वापरली जाते. तिच्यात पासवर्ड पडताळण्याची जुनी पद्धत कच्ची होती. जाणकाराला ती फोडता येई. म्हणून 2004 साली आलेल्या 4.1 या आवृत्तीत नवी, अधिक भक्कम पद्धत आली. परंतु जुन्या पद्धतीने येणाऱ्याला नाकारण्याचे कलम ऐच्छिक राहिले. ते आपोआप लागू झाले 2013 च्या 5.6 या आवृत्तीपासून, आणि जुनी पद्धत समूळ काढण्यात आली ती 2015 साली आलेल्या 5.7 मध्ये. म्हणजे नवे कुलूप तयार असताना नऊ वर्षे जुने दार सवलत म्हणून उघडे राहू शकत होते. कारण एकच: जुने प्रोग्राम बंद पडतील. कचेरीत काम केलेल्या कोणासही हे कारण ओळखीचे वाटेल. जुना नमुना चालवून घेण्याची मुदत वाढते, पुन्हा वाढते, आणि वाढीव मुदत हाच नियम होऊन बसतो.

हे केवळ परदेशी कंपन्यांचे पुराण नव्हे. ऑगस्ट 2018 मध्ये पुण्याच्या कॉसमॉस सहकारी बँकेतून दोन दिवसांत सुमारे 94 कोटी रुपये गेले. यातील बरीच रक्कम अठ्ठावीस देशांतील एटीएम यंत्रांतून काढण्यात आली. पैसे द्यावेत काय, ही विचारणा बँकेच्या मूळ प्रणालीपर्यंत पोहोचलीच नाही. मध्ये बसविलेला एक तोतया स्विच परस्पर होकार देत राहिला. माणसाने यंत्रापुढे ओळख पटवावी, याचा आग्रह आपण धरतो. यंत्राने यंत्रापुढे ओळख पटवावी, हा आग्रह तितकाच निकडीचा आहे. ज्या सर्व्हरला आपण पासवर्ड देतो तो खरा आहे, हे प्रमाणपत्राने सिद्ध झाल्याशिवाय आणि वाटेत तो कोणाला वाचता येणार नाही अशी व्यवस्था असल्याशिवाय जोडणीच होता कामा नये.

गावपातळीवर हा विषय आता येऊन ठेपला आहे. जून 2022 मध्ये केंद्राने 63 हजार प्राथमिक कृषी पतसंस्थांच्या संगणकीकरणास मंजुरी दिली. आपल्या भाषेत या विकास सोसायट्या. शेतकऱ्याचे पीककर्ज, व्याज, थकबाकी लाल कापडाच्या दप्तरातून सर्व्हरवर चालली आहे. दप्तरात खाडाखोड झाली तर निदान शाईचा रंग बोलतो. सर्व्हरवर एकाच नावाने पाचजण काम करीत असतील, तर नोंद कोणी बदलली हे ब्रह्मदेवालाही सांगता यायचे नाही. शिक्षकांना तरी हे समजावून सांगण्याची गरज नसावी. नागपूर विभागात 2025 मध्ये उघडकीस आलेल्या बनावट शालार्थ क्रमांकांच्या प्रकरणात लॉगिन कोणाचे आणि वापरले कोणी, हाच तपासाचा एक मुद्दा झाला.

आपल्याकडे अशा वेळी परिपत्रक निघते: पासवर्ड कोणास देऊ नये, तो वरचेवर बदलावा. लिपिकाने सही करायची आणि कागद फाइलीला लावायचा. सारा भार सर्वांत खालच्या माणसावर! वस्तुतः हुकूम सर्व्हरला द्यावयाचा आहे. कमकुवत पद्धतीने येणारी जोडणी त्याने नाकारावी; समोरचा कितीही परिचयाचा असो, त्याचा प्रोग्राम कितीही जुना असो. यात काही दिवस गैरसोय होईल, हे खरे. एखाद्या सोसायटीचे काम अडेल, एखाद्या शाळेची माहिती वेळेत जाणार नाही. म्हणूनच आधी तारीख जाहीर करावी, कोणते प्रोग्राम जुने आहेत याची तपासणी करावी, ते बदलून देण्याचा खर्च वरच्या कचेरीने सोसावा आणि त्या तारखेनंतर मुदतवाढीचा अर्ज घेऊ नये. प्रणाली पुरविणाऱ्या ठेकेदाराच्या करारातही ही अट हवी. स्वतःच्या सोयीसाठी त्याने ठेवलेले सर्वाधिकारी खाते काम संपताच बंद झाले की नाही, हे संस्थेच्या लेखापरीक्षकाने रोकडवहीइतक्याच काटेकोरपणे पाहावे आणि आपल्या अहवालात तसे लिहून द्यावे.