मोफत विज्ञान इंटरनेटवर आहे, मग ते मुळशीच्या शाळेत का पोहोचत नाही?

पुणे जिल्ह्यातल्या मुळशी तालुक्याची दोन टोकं आहेत. पूर्वेला हिंजवडी आणि माण, म्हणजे आयटी कंपन्यांच्या काचेच्या इमारती. पश्चिमेला धरणाचा जलाशय, ताम्हिणी घाट आणि डोंगरउतारावर विखुरलेल्या वाड्या. दोन्हीकडच्या आठवीच्या मुलांसाठी 'सामान्य विज्ञान' हे पाठ्यपुस्तक एकच आहे. त्यातला 'बल व दाब' हा धडाही एकच.

तो धडा समजावणारं साहित्य इंटरनेटवर भरपूर आहे. त्यातलं बरंचसं मोफत आहे आणि काही मराठीतही. पण मूल त्या साहित्यापर्यंत पोहोचतं का, आणि पोहोचलं तर त्याला विज्ञान कळतं का, हे दोन वेगळे प्रश्न आहेत.

नेमकं काय काय उपलब्ध आहे?

सुरुवात पाठ्यपुस्तकापासूनच होते. बालभारतीची पुस्तकं पीडीएफ स्वरूपात मोफत डाउनलोड करता येतात. छापील पुस्तकातला क्यूआर कोड स्कॅन केला की 'दीक्षा' या सरकारी मंचावरचं साहित्य उघडतं. हा मंच ५ सप्टेंबर २०१७ रोजी सुरू झाला. त्यावरचे बरेच व्हिडिओ ॲपमध्ये उतरवून ठेवता येतात आणि नंतर नेटवर्क नसतानाही बघता येतात.

दुसरं नाव 'फेट'चं. अमेरिकेतल्या कोलोरॅडो विद्यापीठात नोबेल विजेते भौतिकशास्त्रज्ञ कार्ल वायमन यांनी २००२ मध्ये हा प्रकल्प सुरू केला. इथे स्क्रीनवरच तारा, बल्ब आणि सेल जोडून विद्युत परिपथ तयार करता येतो. एक बल्ब काढला तर दुसऱ्याचं काय होतं, हे मूल स्वतः करून बघतं. यातले अनेक प्रयोग मराठीत आहेत.

तिसरं नाव पुण्यातलंच. आयआयटी कानपूरमधून शिकलेले अरविंद गुप्ता पुण्यात टेल्कोमध्ये नोकरीला होते. १९७८ मध्ये रजा घेऊन ते मध्य प्रदेशातल्या होशंगाबाद विज्ञान कार्यक्रमात गेले आणि पुढे आगपेटीच्या काड्या, सायकलच्या व्हॉल्व्हची नळी, स्ट्रॉ अशा वस्तूंतून विज्ञान शिकवू लागले. नंतर पुण्याच्या 'आयुका'मधल्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत त्यांनी आणि सहकाऱ्यांनी अशा खेळण्यांच्या छोट्या फिल्म केल्या. त्या मराठीतही आहेत. २०१८ मध्ये गुप्ता यांना पद्मश्री मिळाली. त्यांच्या संकेतस्थळावर हजारो पुस्तकं मोफत आहेत.

मग अडतं कुठे?

पहिली अडचण फोनची. जानेवारी २०२५ मध्ये आलेल्या 'असर २०२४' या ग्रामीण भारताच्या पाहणीत १४ ते १६ वयोगटातल्या ८२ टक्क्यांहून अधिक मुलांनी स्मार्टफोन वापरता येतो असं सांगितलं. आधीच्या आठवड्यात तो अभ्यासाच्या कामासाठी वापरणारी मुलं ५७ टक्के होती आणि समाजमाध्यमांसाठी वापरणारी ७६ टक्के. फोन वापरता येणाऱ्यांमध्ये स्वतःचा फोन असलेले मुलगे सुमारे ३६ टक्के, तर मुली सुमारे २७ टक्के.

म्हणजे घरात फोन असणं आणि तो मुलाच्या हाती असणं यात फरक आहे. घरात एकच फोन असेल तर तो कामावर जाणाऱ्या माणसासोबत जातो आणि संध्याकाळी परत येतो. बहिणीच्या वाट्याला तो भावानंतर येतो. पावसाळ्यात घाटमाथ्याकडे वीज आणि नेटवर्क दोन्हींचा भरवसा कमी होतो, आणि शाळेचं वर्ष नेमकं त्याच दिवसांत सुरू झालेलं असतं.

२०२० मध्ये कोरोनाकाळात शाळा बंद होत्या तेव्हा ही अडचण ठळकपणे दिसली होती. त्यामुळेच त्या वर्षी पहिली ते आठवीसाठी 'टिलीमिली' ही मालिका दूरदर्शनच्या सह्याद्री वाहिनीवर दाखवली गेली.

भाषेचा प्रश्न वेगळा का आहे?

आठवीच्या पुस्तकात 'विभवांतर' हा शब्द येतो. मुलाने यूट्यूबवर शोध घेतला तर बहुतेक व्हिडिओंत 'पोटेन्शियल डिफरन्स' ऐकू येतं किंवा हिंदी संज्ञा येते. गोष्ट एकच, नावं तीन. सेमी-इंग्रजीच्या मुलाचं उलटं होतं. तो उत्तरात 'फोर्स' लिहितो, पण ते बैल नांगर ओढतो तेच आहे, हे त्याला कुणी सांगितलेलं नसतं.

यासाठी शासनाचे परिभाषा कोश आणि मराठी विश्वकोश दोन्ही ऑनलाइन मोफत आहेत. मात्र विश्वकोशातली नोंद मोठ्यांसाठी लिहिलेली असते. ती तेरा वर्षांच्या मुलाला उलगडून सांगायला माणूस लागतो.

तो माणूस म्हणजे शिक्षक. पण शिक्षक आहे का?

खरा प्रश्न इथे येतो. शिक्षण हक्क कायदा २००९ नुसार सहावी ते आठवीच्या शाळेत विज्ञान आणि गणितासाठी किमान एक शिक्षक हवा. वाड्यावस्त्यांवर मात्र पट कमी असतो. १५ मार्च २०२४ च्या संचमान्यतेच्या शासन निर्णयानंतर राज्यभर कमी पटाच्या शाळांतल्या शिक्षकांच्या पदांवरून वाद झाला आणि शिक्षक संघटनांनी त्याला विरोध केला.

अशा वेळी 'सगळं ऑनलाइन आहेच की' हे वाक्य सोयीचं वाटतं. प्रत्यक्षात ऑनलाइन साहित्य चांगल्या शिक्षकाचा हात बळकट करतं, त्याची जागा भरत नाही. व्हिडिओ बघणाऱ्या मुलाने मध्येच 'असं का?' विचारलं, तर व्हिडिओ थांबत नाही.

शिवाय विज्ञान बघून येत नाही, करून येतं. एक सेल, एक चुंबक, इनॅमलची तांब्याची तार आणि दोन सेफ्टी पिना एवढ्यात फिरणारी मोटर बनते. तिची फिल्म काही मिनिटांत बघून होते. पण तारेवरचं इनॅमल नीट खरवडलं नाही तर मोटर फिरत नाही. ती का फिरली नाही हे शोधताना वाहक आणि विसंवाहक यांतला फरक जसा कळतो, तसा दहा वेळा फिल्म बघून कळत नाही.

मुळशीत प्रयोगशाळा कुठे आहे?

खरं तर ती समोरच आहे. मुळशी धरणाचं पाणी सह्याद्रीच्या पलीकडे रायगड जिल्ह्यातल्या भिरा इथे खाली सोडलं जातं आणि त्यावर वीज तयार होते. उंचावरच्या पाण्याची स्थितिज ऊर्जा, तिची गतिज ऊर्जा आणि मग विद्युत ऊर्जा, असा हा प्रवास आहे. धरणाची भिंत तळाशी जाड का असते, याचं उत्तर 'बल व दाब' या धड्यात आहे. पाण्यात दर दहा मीटर खोलीला दाब साधारण एका वातावरणाइतका वाढतो.

याच धरणासाठी जमिनी जाणार म्हणून १९२१ मध्ये मुळशी सत्याग्रह सुरू झाला आणि सेनापती बापटांनी त्याचं नेतृत्व केलं. इथल्या जमिनीवर साठलेल्या पाण्याची वीज मुंबईला गेली. त्यामागचं विज्ञान तरी इथल्या मुलांच्या वाट्याला यायला हवं.

शाळा आणि पालक काय करू शकतात?

नेटवर्क असलेल्या ठिकाणी शिक्षकाने आठवड्याला दोन-तीन व्हिडिओ आणि एखादा 'फेट' प्रयोग उतरवून ठेवला, तर शाळेतला एक लॅपटॉप किंवा टीव्ही सगळ्या वर्गाला पुरतो. मग प्रत्येक घरात डेटा लागत नाही. व्हिडिओनंतर त्याच दिवशी तो प्रयोग वर्गात करायचा. सामान बहुतेक घरात किंवा किराणा दुकानात मिळतं.

पालकांना विज्ञान यायलाच हवं असं नाही. संध्याकाळी फोन हाती देताना 'आज काय बघितलंस?' यापेक्षा 'आज काय करून बघितलंस?' एवढं विचारलं तरी फरक पडतो. बहिणीलाही फोन तितकाच वेळ मिळतो का, हेही बघायला हवं.

हे सगळं घर आणि शाळा करू शकतात. विज्ञान शिकवणारा एक शिक्षक मात्र घरून आणता येत नाही. तो देण्याची जबाबदारी शासनाची आहे.