गुडघ्याचे भाकीत आणि श्रमाचा हिशेब

गुडघेदुखी हा म्हातारपणाचा भोग आहे, अशी आपल्याकडील सर्वसाधारण समजूत आहे. दिवसभर उकिडवी बसून खुरपणी करणारी बाई, पाठीवर पोती वाहणारा हमाल किंवा फरशी बसवणारा कारागीर ऐन चाळिशीत जिन्याचा कठडा धरू लागतो, तेव्हा ही समजूत कोणाच्या सोयीची आहे ते कळून येते.

हा अस्थिसंधिवात सर्वांत सारख्या गतीने वाढत नाही. काहींच्या सांध्यातील कूर्चा वर्षानुवर्षे तग धरते, तर काहींची थोड्याच काळात झिजून जाते. क्ष-किरण चित्रात झालेली झीज दिसते. होऊ घातलेली दिसत नाही. ती आधी ओळखता यावी म्हणून रक्तातील निर्देशक प्रथिनांचा शोध चालला आहे. अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठाच्या व्हर्जिनिया क्राउस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२३ साली अशा १३ प्रथिनांचा संच मांडला. २०२४ साली त्यांनी ब्रिटनमधील २०० स्त्रियांच्या रक्तनमुन्यांवरून, क्ष-किरणात खूण उमटण्याच्या आठ वर्षे आधी रोगाची चाहूल लागू शकते, असे दाखवले. त्या सर्व गौरवर्णीय स्त्रिया होत्या; रानात राबणाऱ्या आपल्या शेतमजूर स्त्रीला हे निष्कर्ष कितपत लागू पडतात, ते स्वतंत्रपणे तपासावे लागेल.

पहिल्या संचाची अचूकता ७३ टक्के सांगितली जाते. याचा अर्थ शंभरांपैकी ७३ रुग्णांचे भाकीत खरे ठरते, असा नव्हे. ज्याची झीज वाढणार असा एक आणि वाढणार नाही असा एक, अशा शंभर जोड्या घेतल्यास ७३ जोड्यांत चाचणी योग्य माणसाकडे बोट दाखवते. नाणेफेक केली तरी पन्नास जोड्या बरोबर येतातच!

शिवाय, ही झीज थांबवील असे मान्यताप्राप्त औषध आजमितीस नाही. मग या भाकिताचा पहिला लाभ कोणाला? अर्थातच औषध कंपन्यांना. रोग संथ असल्याने औषधाच्या चाचणीस माणसे पुष्कळ लागतात आणि वर्षेही. वेगाने झिजणारे रुग्ण आधीच निवडता आले की हा खर्च घटतो. यात गैर काही नाही. परंतु २०२३ च्या संशोधनास ज्या प्रकल्पातील नमुने उपयोगी पडले, त्यात ४,७९६ स्त्री-पुरुषांनी आपले गुडघे आणि रक्त तपासू दिले, आणि अमेरिकी सरकारच्या आरोग्यसंस्थेने कंपन्यांच्या जोडीने त्यावर पैसा खर्च केला. उद्या औषध निघालेच, तर त्याची किंमत ठरवताना या सार्वजनिक भांडवलाचा हिशेब मांडला जाणार की नाही?

याहून गंभीर धोका कारखान्याच्या दारावर आहे. भरतीच्या वेळी रक्त तपासून ‘या उमेदवाराचे गुडघे टिकणार नाहीत’ असा शेरा मारणे मालकाला, ओझे हलके करण्यापेक्षा किंवा उचलण्याची यंत्रे आणण्यापेक्षा, केव्हाही स्वस्त पडेल. कामाचा दोष अशा रीतीने कामगाराच्या रक्तात ढकलला जाईल.

अन्यत्र उलटा प्रवास झाला आहे. ब्रिटनने २००९ साली, जमिनीखाली किमान दहा वर्षे राबलेल्या कोळसा खाणकामगारांच्या गुडघ्याचा अस्थिसंधिवात व्यावसायिक रोग मानला. त्याच वर्षी जर्मनीनेही तो आपल्या यादीत घातला. तेथे आयुष्यभरात किमान १३,००० तास गुडघ्यांवर भार देऊन केलेले काम ही अट आहे. आपल्या सामाजिक सुरक्षा संहितेच्या व्यावसायिक रोगांच्या अनुसूचीत मात्र या रोगाला जागा नाही.

ती मिळवण्याची मागणी श्रमिक संघटनांनी केलीच पाहिजे. भरतीपूर्वी अशा रक्तचाचणीस कायद्याने मनाई करण्याचीही. पण जर्मनीसारखी तासांची अट येथे आलीच, तर बिगारी मजुराने कामाचे तास सिद्ध कशाने करावेत? मुकादमाच्या वहीत त्याच्या नावापुढे हजेरीची रेघ असते, कामाच्या तासांचा आणि प्रकाराचा उल्लेख नसतो. तेव्हा ही नोंद मजुराच्या स्वतःच्या कार्डावर, रोजच्या रोज, करून घेण्यापासून सुरुवात करावी लागेल.