इअरबड्स विकणे हाही मापाचा धंदा आहे

मोबाईल ॲक्सेसरीजचा व्यवसाय आज आपल्यातील पुष्कळशा तरुणांच्या पोटापाण्याचा आधार बनला आहे. मुंबईतील मनीष मार्केट असो की तालुक्याच्या गावी एस.टी. स्थानकासमोरची टपरी असो, चार्जर, कव्हर आणि काचेबरोबर आता एक वस्तू हमखास मागितली जाते, ती म्हणजे बिनतारी इअरबड्स. २०१६ साली ॲपल कंपनीने एअरपॉड्स बाजारात आणले. त्यानंतर देशी-परदेशी कंपन्यांनी हा माल इतका स्वस्त केला की, आज सात-आठशे रुपयांपासून पंचवीस हजारांपर्यंतच्या जोड्या एकाच काउंटरवर मांडलेल्या दिसतात.

या गिऱ्हाइकांमध्ये एक वर्ग झपाट्याने वाढत आहे. पहाटे धावणारे, जिममध्ये जाणारे, पोलीस व सैन्य भरतीची तयारी करणारे तरुण आणि डॉक्टरांनी चालण्याचा सल्ला दिलेले प्रौढ दुकानात येऊन म्हणतात, "धावताना वापरायला चांगले दाखवा." आणि आमचे दुकानदार बंधू काय करतात? ज्यात कमिशन जास्त किंवा जो माल पडून आहे, तो पुढे सरकवतात. वर "एकदम वॉटरप्रूफ आहे, डोळे झाकून घ्या" असे आश्वासनही देतात. आठ दिवसांनी तेच गिऱ्हाईक तक्रार घेऊन येते किंवा पुन्हा कधीच येत नाही. यापैकी दुसरा तोटा मोठा आहे, कारण तो हिशेबाच्या वहीत दिसत नाही.

ऑनलाईन कंपन्यांनी धंदा बसवला, ही तक्रार आम्ही नेहमी ऐकतो. ती खोटी नाही. भावाच्या लढाईत लहान दुकानदार त्यांच्यापुढे टिकू शकत नाही, हे मान्य करावेच लागेल. पण आमचे म्हणणे असे आहे की, ज्या कामात त्या कंपन्या दुकानदाराची बरोबरी करू शकत नाहीत, तेच काम आपण सोडून दिले आहे. ते काम म्हणजे माप घेणे. शिंपी माप घेतल्याशिवाय कापडाला कात्री लावत नाही. चपला शिवणारा कारागीर आधी पाय पाहतो. मग कानात बसवायची वस्तू कान न पाहता कशी विकली जाते?

कान पाहा, मग माल दाखवा

धावणाऱ्याची पहिली गरज आवाजाची नसून पकडीची आहे. बड्स पाचव्या मिनिटाला रस्त्यावर पडत असतील, तर त्यांचा आवाज कितीही गोड असला तरी त्याचा उपयोग काय? प्रत्येकाच्या कानाची ठेवण वेगळी असते. पुष्कळदा एकाच माणसाचे दोन कानही सारखे नसतात. म्हणूनच बहुतेक जोड्यांबरोबर लहान, मध्यम व मोठी अशी तीन मापांची रबरी टोके येतात. किती दुकानदार ती गिऱ्हाइकाला उघडून दाखवतात? मधल्या मापाचे टोक आधीच बसवलेले असते आणि गिऱ्हाईक तेच वापरत राहते.

यासाठी दुकानात दाखवण्याचा एक तुकडा वेगळा ठेवावा. प्रत्येक वेळी टोके बदलावीत व पुसून घ्यावीत. गिऱ्हाइकाला बड्स घालायला लावून मान झटकायला, जबडा उघडमीट करायला आणि जागच्या जागी दहा उड्या मारायला सांगावे. त्यात ते ढिले झाले तर धावताना निश्चित पडतील. अशा गिऱ्हाइकाला कानामागे जाणारी कडी असलेला प्रकार दाखवावा. गळ्यातला नेकबँड स्वस्त असतो आणि हरवत नाही, ही गोष्ट खरी. परंतु धावताना तो मानेवर आपटतो, हेही त्याच वेळी सांगावे.

रबरी टोकाने कान पूर्ण बंद झाला की, धावताना प्रत्येक पावलाचा धप्प असा आवाज डोक्यात घुमतो. हा मालातील दोष नव्हे. कान बंद असला की शरीरातून येणारा आवाज आतच कोंडला जातो. ज्याला ते सहन होत नाही, त्याला कान उघडा ठेवणारा प्रकार योग्य. तसेच घामेजलेल्या बोटाने स्पर्शाची बटणे नीट चालत नाहीत, कधी आपोआप दाबली जातात. धावणाऱ्याला दाबायचे खरे बटण असलेला तुकडा जास्त उपयोगी पडतो.

खोक्यावरील अक्षरांचा अर्थ

आता "वॉटरप्रूफ" या शब्दाकडे वळू. खोक्यावर आयपीएक्स-४, आयपीएक्स-५, आयपीएक्स-७ असे काही लिहिलेले असते. हे आंतरराष्ट्रीय मानकातील दर्जे आहेत. पहिली जागा धुळीसाठी व दुसरी पाण्यासाठी असते. एक्स याचा अर्थ इतकाच की, त्या चाचणीचा दर्जा नमूद केलेला नाही. पाण्याच्या जागी चार असेल तर कोणत्याही बाजूने उडणारे शिंतोडे सहन होतात, पाच असेल तर नळीतून येणारी धार आणि सात असेल तर एक मीटर पाण्यात अर्धा तास. सात असलेला तुकडा धारही सहन करेलच असे नाही, कारण त्या चाचण्या वेगळ्या आहेत. धावण्याच्या घामासाठी व हलक्या पावसासाठी चार पुरेसा आहे. मुसळधार पावसातही न थांबणाऱ्याने पाच किंवा त्यापुढचा घ्यावा.

परंतु दोन गोष्टी खोक्यावर ठळक लिहिलेल्या नसतात. या चाचण्या गोड्या पाण्याने होतात आणि घाम खारट असतो. दुसरे असे की, बड्सला असलेला दर्जा चार्जिंगच्या डबीला असतोच असे नाही. घामाने ओले बड्स तसेच डबीत टाकले की पिना गंजतात. दुरुस्तीचे काम करणाऱ्या कारागिरांना त्या पिनांवरचा हिरवट थर चांगला परिचयाचा आहे. "डबीत ठेवण्यापूर्वी कोरड्या फडक्याने पुसा" हे एक वाक्य विक्रीच्या वेळी सांगितले, तर निम्म्या तक्रारी दुकानापर्यंत येणारच नाहीत, असे आम्हाला वाटते. पोहणाऱ्याला मात्र साधे इअरबड्स मुळीच देऊ नयेत. ब्लूटूथच्या लहरी पाण्यातून नीट जात नाहीत. त्याला गाणी आतच साठवणारे वेगळे यंत्र लागते.

ईएनसी आणि एएनसी या दोन शब्दांत तर मोठाच गोंधळ आहे. एएनसी म्हणजे ऐकणाऱ्याच्या कानाशी येणारा बाहेरचा गोंगाट कमी करणे. ईएनसी म्हणजे फोनवर बोलताना समोरच्या माणसाला आपल्याकडचा गोंगाट कमी ऐकू जाणे. स्वस्त मालावर बहुधा ईएनसी लिहिलेले असते आणि विकताना "नॉइज कॅन्सलेशन आहे" असे सांगितले जाते. ही अर्धवट माहिती आहे, आणि अर्धवट माहिती देऊन पैसे घेणे ही फसवणूकच होय.

बॅटरीच्या आकड्याचेही तसेच. "४० तास" हा आकडा डबीतील साठ्यासह असतो. खुद्द बड्स एका चार्जिंगमध्ये साधारण पाच ते आठ तास चालतात. रोज तासभर धावणाऱ्याला तेवढे भरपूर आहे, मग चाळीस तासांसाठी त्याच्याकडून जास्तीचे पैसे का घ्यावेत?

रस्ता ऐकू येतो का?

सर्वांत महत्त्वाचा प्रश्न जिवाचा आहे. आपल्या शहरांत धावणाऱ्यासाठी वेगळी वाट क्वचितच असते. तो रस्त्याच्या कडेने धावतो. मागून डंपर येतो, उलट्या दिशेने मोटारसायकल येते, आणि विजेवर चालणाऱ्या स्कूटरचा आवाज तर आधीच कमी असतो. अशा रस्त्यावर दोन्ही कान बंद करून, वर एएनसी चालू करून धावणे म्हणजे डोळ्यांवर पट्टी बांधण्यासारखे आहे.

म्हणून दुकानदाराने पहिला प्रश्न विचारावा, "कुठे धावता?" जिममध्ये किंवा ट्रेडमिलवर धावणाऱ्याला कान बंद करणारे बड्स चालतील. रस्त्यावर धावणाऱ्याला कान उघडा ठेवणारे किंवा हाडातून आवाज पोहोचवणारे, ज्याला बोन कंडक्शन म्हणतात, ते दाखवावेत. ब्रिटनमध्ये वाहतूक पूर्णपणे बंद नसलेल्या रस्त्यांवरील शर्यतींत तेथील ॲथलेटिक्स संघटनेने बोन कंडक्शनखेरीज इतर हेडफोनना मनाई केली, ती याच कारणाने. या प्रकारात ठेका कमी जाणवतो आणि गोंगाटात गाणे नीट ऐकू येत नाही, ही उणीवही लपवू नये. एवढे पैसे खर्च करण्याची ऐपत नसेल, तर साध्या जोडीतील एकच बड घालून दुसरा कान मोकळा ठेवावा आणि समोरून येणारी वाहने दिसतील अशा बाजूने धावावे. हा सल्ला फुकट आहे, पण तो देणारा दुकानदार गिऱ्हाइकाच्या लक्षात राहतो.

आवाजाच्या पातळीबाबतही तेच. जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शनानुसार ८० डेसिबलचा आवाज आठवड्यातून ४० तास ऐकणे सुरक्षित आहे, मात्र ९० डेसिबल झाल्यास ही मर्यादा आठवड्याला अवघ्या ४ तासांवर येते. भिवंडी-मालेगावच्या यंत्रमागावर किंवा पत्र्याच्या कारखान्यात दिवसभर राबणाऱ्या आमच्या कारागीर बंधूंनी याचा विशेष विचार करावा. जिथे शेजारच्या माणसाशी ओरडून बोलावे लागते, तिथे कानाचा वाटा कामातच खर्च झालेला असतो. त्यावर संध्याकाळी व्यायामाच्या वेळी पूर्ण आवाजात गाणी ऐकली, तर गेलेली श्रवणशक्ती कोणत्याही किमतीला परत मिळत नाही.

कायदा काय म्हणतो?

"एवढे कोण समजावत बसणार? गिऱ्हाईकच स्वस्त मागते" असे काही जण म्हणतील. त्यांच्यासाठी कायद्याची बाजू मांडणे आवश्यक आहे. जुलै २०२० पासून अमलात आलेल्या २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार मालाच्या दर्जाविषयी केलेले खोटे विधान ही अनुचित व्यापार प्रथा ठरते, आणि ते विधान तोंडी असले तरीही. म्हणजे काउंटरवर सहज म्हटलेले "वॉटरप्रूफ आहे" हे शब्द उद्या तक्रारीत लिहिले जाऊ शकतात. बिल न देणे हीसुद्धा अनुचित प्रथाच आहे. तसेच बिलावर मुदत दिलेली नसेल, तर सदोष माल ३० दिवसांच्या आत परत घेण्यास नकार देता येत नाही. "विकलेला माल परत घेतला जाणार नाही" ही पाटी अशा वेळी दुकानदाराला वाचवणार नाही.

नावाजलेल्या कंपनीच्या नावाने नकली माल विकणाऱ्यांची गोष्ट तर याहून गंभीर आहे. १९९९ च्या व्यापारचिन्ह कायद्यात त्यासाठी सहा महिने ते तीन वर्षे कैद आणि ५० हजार ते २ लाख रुपये दंडाची तरतूद आहे. आपण योग्य ती काळजी घेतली होती व संशयाला जागा नव्हती, किंवा माल कोणाकडून घेतला याची माहिती दिली, असे दाखवू शकणाऱ्या दुकानदाराला बचाव मिळू शकतो. घाऊक व्यापाऱ्याकडून पक्के बिल न घेणारा हे कशाच्या आधारे दाखवणार? बिनतारी इअरफोन भारतीय मानक ब्युरोच्या सक्तीच्या नोंदणीखाली येतात. खोक्यावरील आर अक्षराने सुरू होणारा नोंदणी क्रमांक ब्युरोच्या बीआयएस केअर ॲपवर तपासता येतो. माल भरताना दोन मिनिटे हे काम केले, तर पुढची मोठी डोकेदुखी टळते.

आमच्या बंधूंना आमची विनंती एवढीच आहे की, या व्यवसायाकडे खोकी सरकवण्याचे काम म्हणून पाहू नये. कुठे धावता, घाम किती येतो, फोनवर बोलता का, बजेट किती, हे चार प्रश्न विचारा. कान पाहून माप द्या. मालाचे गुण सांगता तसे दोषही सांगा आणि पक्के बिल हातात ठेवा. सातशेचा तुकडा पुरेसा असेल तिथे दोन हजारांचा गळ्यात मारू नका. त्या दिवशी नफा थोडा कमी होईल. पण ज्याचे बड्स धावताना पडले नाहीत, घामाने बिघडले नाहीत आणि ज्याला मागून येणाऱ्या डंपरचा हॉर्न वेळेवर ऐकू आला, ते गिऱ्हाईक आपल्या भावाला आणि मित्रालाही त्याच दुकानात घेऊन येईल. बाजारात नाव कमवायला वर्षे लागतात, आणि ते घालवायला एक खोटे "वॉटरप्रूफ" पुरेसे असते.